पॅड सपाट राहतच नाही

थ्रस्ट बेअरिंगमध्ये फिरत्या शाफ्टची कॉलर (शाफ्टवरची चकती) पॅडवर तेलाच्या पातळ थरावर, म्हणजे फिल्मवर, टेकते. तेलाचं तापमान एकच धरून या फिल्मची जाडी काढली तरी चालतं, असं काही जण म्हणतात. मला नाही पटत. व्हीजी ४६ या ग्रेडच्या तेलाचा दाटपणा (व्हिस्कॉसिटी) ४० अंशांना ४६ सेंटिस्टोक, १०० ला जेमतेम ७!

शिवाय पॅड वाकतो. १०० मिमी लांब, २५ मिमी जाड पोलादी पॅडच्या फिल्मकडच्या आणि पाठीकडच्या तोंडांत २० अंशांचा फरक पडला, तर नुसत्या तापानं मध्य कडांपेक्षा साधारण १२ मायक्रॉन फुगतो. फिल्म मुळात शंभर मायक्रॉनच्याही आतली. बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या शेडमध्ये उघडलेल्या पॅडवर व्हाइट मेटल (पॅडवरचा मऊ मिश्रधातूचा थर) मधोमध चकाकत होतं, कडांना स्क्रेपरच्या खुणा जशाच्या तशा. म्हणून फिल्मच्या हिशेबात दाब, तापमान आणि वाकणं, तिन्ही आलटूनपालटून सोडवायला हवीत. इनलेटला, म्हणजे तेल पॅडवर शिरतं त्या कडेला, टाकीतल्या तेलाचं तापमान तर धरूच नका. आधीच्या पॅडचं गरम तेल कॉलरला चिकटून पुढच्यात शिरतं, तिथं बेळगावची थंड हवा काय करणार?