पोरांना ‘स्वतःला स्वीकारा’ सांगितलं की आपलं काम संपलं का?

त्रिमूर्तीनगरची आई
मुलगी नववीत आहे. गॅदरिंगचे फोटो आले तेव्हा ती स्वतःचाच फोटो दोन बोटांनी मोठा करून बघत बसली होती. नाक, मग दंड, मग हनुवटी. शेवटी म्हणाली, “मम्मी, हा ग्रुपवर टाकू नको.” शाळेत समुपदेशनाचा तास झाला, त्यात ‘आहात तसे स्वतःला स्वीकारा’ असं सांगितलं. चांगलंच सांगितलं. पण ज्याने तिच्या डोळ्यात हे माप घातलं ते तसंच चालू ठेवायचं आणि स्वीकारायचं काम तेवढं पोरीने करायचं, हे मला पटत नाही.

फिजीच्या एका भागात 1995 साली टीव्ही आला. तिथे अंगाने भरलेली बाई म्हणजे खात्यापित्या घरची, असं मानत. अ‍ॅन बेकर या संशोधिकेने टीव्ही आला तेव्हा आणि पुन्हा 1998 मध्ये तिथल्या शाळकरी मुलींची पाहणी केली. खाण्याच्या विकाराच्या चाचणीत धोक्याची रेषा ओलांडणाऱ्या मुली 12.7 टक्क्यांवरून 29.2 टक्क्यांवर गेल्या. वजन कमी करायला मुद्दाम उलटी करणारी आधी एकही नव्हती, नंतर 11.3 टक्के निघाल्या. तेव्हा हातात मोबाइलही नव्हता. पुढे 2021 मध्ये इन्स्टाग्रामचे अंतर्गत कागद बाहेर आले. त्यात कंपनीच्याच माणसांनी लिहिलं होतं की दर तीनपैकी एका किशोरवयीन मुलीचा स्वतःच्या शरीराबद्दलचा त्रास आपण वाढवतो.

नॉर्वेने 2021 मध्ये कायदा केला, शरीर बदलून दाखवलेल्या जाहिरातीवर तसं छापायचं. फ्रान्समध्ये मॉडेलच्या फोटोंसाठी 2017 पासून असा नियम आहे. आपल्याकडे का नको?

महालातला जुना वाडा
ताई, फिजीचं उदाहरण इथे बसत नाही. तिथे टीव्हीने नवं माप बाहेरून आणलं. आपल्याकडे ते माप घरातच होतं. ‘फेअर अँड लव्हली’ हे गोरं करणारं क्रीम 1975 ला बाजारात आलं, तेव्हा नागपुरात किती घरांत टीव्ही होता? कंपनीने आपल्या मामी-मावशीचं बोलणं उचललं आणि ट्यूबमध्ये भरून आपल्यालाच विकलं.

मे महिन्यात इथल्या बर्डीच्या बाजारात बघा. पारा पंचेचाळीसला टेकलेला, पोरी डोळे सोडून सगळं तोंड स्कार्फने बांधून गाडीवर. ऊन लागून माणूस दगावतो इथे. तरी घरातून निघताना आई काय म्हणते? “स्कार्फ बांध, काळी पडशील.” हे कोणत्या रीलने शिकवलं?

सावळ्या रंगाला कमी लेखणारी जाहिरात नको, असा नियम जाहिरात मानक परिषदेने 2014 मध्येच केला. 2020 मध्ये त्या क्रीमच्या नावातला ‘फेअर’ गेला, ‘ग्लो’ आला. पाहायला आलेल्या मंडळींच्या तोंडचं ‘रंग जरा दबलेला आहे’ गेलं का? आणि ते ‘तीनपैकी एक’ म्हणजे सगळ्या मुली नव्हेत. ज्यांना आधीच असा त्रास होता त्यांच्यातला तो आकडा आहे, असा खुलासा कंपनीने नंतर केला. छापायच्या इशाऱ्यांनी काही होणार नाही, आधी आपलं तोंड आवरा.

औषधवाला भाऊ, मानेवाडा
मी काउंटरवर उभा राहून रोज पाहून राहिलो, म्हणून लिहितो. कॉलेजातल्या पोरी येतात, मोबाइल पुढे करतात, “भाऊ, हे क्रीम द्या.” त्यात स्टेरॉइड असते. आठ-पंधरा दिवस चेहरा उजळ दिसते, मग कातडी पातळ होते, लाल शिरा दिसाले लागतात, पिंपल येतात, केस येतात. बंद केलं की आग होते, म्हणून पोरगी पुन्हा तेच लावते. 2018 पासून असे मलम डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत. मी नाही म्हणतो, तर पुढच्या दुकानात जातात. काका बरोबर बोलून राहिले, पण क्रीमचं नाव त्या पोरीले मामीनं नाही सांगितलं. मोबाइलनंच सांगितलं.

बारावी सायन्स
पोरांबद्दल कोणीच काऊन बोलत नाही? मला दहावीपर्यंत सगळे ‘काडी’ म्हणायचे. घरचे हसून म्हणायचे, मित्र ओरडून. मग फीडवर ‘नव्वद दिवसांत बॉडी’ सुरू झालं. जिममधल्या ट्रेनरने लेबल नसलेला पावडरचा डबा दिला. आईने तो डॉक्टरला दाखवला म्हणून वाचलो.

तरी मोबाइल बंद करा या बाजूने मी नाही. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर 2025 पासून सोळाखालच्यांची सोशल मीडिया खाती बंद केली, तसं इथे झालं तर मला त्रासच झाला असता. माझ्यासारख्या हाडकुळ्या पोराला मस्त कविता म्हणताना मी मोबाइलवरच पहिल्यांदा पाहिलं. आमच्या कॉलनीत असं कोणी नव्हतं. आणि काकू, फक्त जाहिरातीवर छापून काय होईल? माझ्या फोनचा कॅमेरा न सांगता चेहरा गुळगुळीत करतो. त्याच्यावर कोण छापणार?

त्रिमूर्तीनगरची आई
बाळा, मोबाइल काढून घ्या असं मी म्हटलंच नाही. कॅमेऱ्याचं मात्र तू नेमकं धरलंस. परीक्षेच्या फॉर्मसाठी आम्ही पासपोर्ट फोटो काढला. स्टुडिओवाल्याने न विचारता पोरीचा रंग दोन छटा उजळ केला, गालावरचा तीळही पुसला. मी म्हटलं, तीळ परत आणा. तो म्हणाला, “मॅडम, सगळे असंच मागतात.” सरकारी फॉर्मवर माझ्या मुलीचा चेहरा तिचा नको, हे त्याला वावगं वाटलं नाही. दुसरी प्रिंट घेतल्याशिवाय मी पैसे दिले नाहीत.

काका, स्कार्फचं खरं आहे, आमच्या घरातही तेच वाक्य आहे. पण मामी दिवाळीला येते आणि भाऊबीज झाली की जाते. तिला मी तोंडावर सांगू शकते, सांगितलंही आहे. रात्री अकराला अंथरुणात पोरीला कोण काय दाखवतंय ते मला दिसतच नाही, मग मी भांडू कोणाशी? म्हणून मला कायदा हवा. भांडायला समोर कोणीतरी हवं.

महालातला जुना वाडा
कायद्याला माझा विरोध नाही, पण आधी शाळेत विचारा. गॅदरिंगच्या नाचात पहिल्या रांगेत कोण उभं राहतं, ते कोण ठरवतं? तिथे ना कंपनी आहे ना मोबाइल.

त्रिमूर्तीनगरची आई
विचारते. शनिवारी पालकसभा आहे. रांगेचंही विचारते आणि स्टुडिओचंही, कारण शाळेच्या ओळखपत्राचे फोटो तोच काढतो.