गाभोळीने भरलेल्या हेरिंगचे मांस कोरडे का लागते?

प्रश्न (बर्गनहून)
नमस्कार. मी काही वर्षांपासून नॉर्वेत बर्गन येथे राहते. येथे ज्याला ‘सिल्ड’ म्हणतात तो हेरिंग आमच्या घरी नेहमी येतो, कारण बांगडा आणि तारलीवर वाढलेल्या माणसाला तो लगेच आपलासा वाटतो. उन्हाळा संपताना घेतलेला मासा तव्यावर स्वतःच्याच तेलात परतला जातो. फेब्रुवारीत मात्र त्याचे पोट गाभोळीने गच्च भरलेले असते आणि मांस कोरडे लागते. सारी चरबी गाभोळीत उतरली असावी, असे मी समजत होते. पण गाभोळीही तेलकट लागत नाही. मग ती चरबी जाते कोठे? आणि किती अंडी धरायची, हे माशाच्या शरीरात ठरते तरी कसे?

उत्तर १
ताई, गाभोळी तेलकट नसते हे आपले निरीक्षण अगदी योग्य आहे आणि आपल्या प्रश्नाची किल्ली त्यातच आहे. नॉर्वेच्या किनाऱ्यावर वसंताच्या तोंडाशी अंडी घालणारा हेरिंग वर्षाची कमाई उन्हाळ्याच्या काही महिन्यांतच करतो. नॉर्वेजियन समुद्रात कॅलनस नावाच्या प्राणिप्लवकावर (पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जीवांवर) तो चरतो आणि त्याच्या अंगात वीस टक्क्यांच्या आसपास चरबी साठू शकते. शरद ऋतूत तो खाणे जवळजवळ थांबवतो, हिवाळा थंड आणि अंधाऱ्या खोल पाण्यात काढतो आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये पश्चिम नॉर्वेतील मोरे भागाच्या किनाऱ्याजवळ, तसेच इतरही ठिकाणी, समुद्रतळाच्या खडीवर चिकट अंडी घालतो. म्हणजे जगणे, पोहणे आणि वीण हे तिन्ही खर्च एकाच साठ्यातून भागवावे लागतात.

यांतील चरबीचा मोठा भाग श्वसनात आणि पोहण्यात जळून जातो. अंडाशय मुख्यतः प्रथिनांचा बनतो आणि ती प्रथिने माशाच्या स्वतःच्या स्नायूंतून येतात. अंडाशयातून स्रवणाऱ्या संप्रेरकामुळे यकृत पीतकाचे (अंड्यातील बलकाचे) प्रथिन तयार करते, ते रक्तातून अंडपेशींत पोहोचते आणि वीण जवळ येईपर्यंत अंडाशयाचे वजन शरीराच्या वजनाच्या पाचव्या भागाइतके किंवा त्याहून अधिक होते. चरबी निघून गेलेल्या जागी मांसात पाणी शिरते. हेरिंगच्या मांसातील पाणी आणि चरबी यांची बेरीज साधारण ८० टक्क्यांच्या आसपास राहते. त्यामुळे ताजव्यावर मासा तेवढाच भरला तरी त्याचे मांस रिते झालेले असू शकते. केवळ लांबी आणि वजन पाहून माशाची स्थिती ठरवण्याची पद्धत मला म्हणूनच अपुरी वाटते.

उत्तर २
अंड्यांच्या संख्येविषयी थोडे लिहितो, कारण हा भाग मला सर्वांत विलक्षण वाटतो. मादी उन्हाळ्यात गरजेपेक्षा कितीतरी अधिक अंडपेशी वाढीस लावते आणि नंतर साठा जसजसा उतरतो तसतशा त्यांतील पुष्कळ अंडपेशी विरघळवून शरीरात परत शोषून घेते. ज्या मादीच्या अंगी चरबी कमी, तिच्यात ही गळती अधिक. अखेरीस काही दशसहस्र अंडी उरतात आणि ती एकाच वेळी बाहेर पडतात. उत्तर समुद्रातील हेरिंगच्या समूहांची तुलना पाहण्यासारखी आहे. तेथील काही समूह शरद ऋतूत अंडी घालतात, तर डाउन्स समूह हिवाळ्यात, इंग्लिश खाडीजवळ. दोघांचीही सुरुवात सारखीच असते; मात्र अधिक काळ थांबणाऱ्या डाउन्सच्या माद्यांत गळती लांबते आणि त्यांच्याकडे कमी, पण आकाराने मोठी अंडी उरतात.

प्रश्नकर्ती
दोघांचेही मनःपूर्वक आभार. आणखी एक शंका आहे: पहिल्यांदा वयात येणारा लहान मासा कधी तयार झाला असे मानावे? आणि आपल्या तारलीचेही गणित असेच असते का?

उत्तर १
नॉर्वेचा हेरिंग बहुधा चौथ्या-पाचव्या वर्षी वयात येतो, पण वयापेक्षा त्याची वाढ आणि साठा यांना अधिक महत्त्व आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अतिरिक्त मासेमारीने या हेरिंगची संख्या कोसळल्यानंतर उरलेले मासे लवकर वाढले आणि कमी वयात वीण करू लागले. खवल्यांवरील वर्तुळांच्या नोंदींतून या बदलाचा माग काढता आला. हा बदल मुख्यतः जलद वाढीमुळे झाला असावा, हे मत मला पटते.

तारलीची गोष्ट निराळी आहे. ती पावसाळ्यात, प्लवक विपुल असताना, टप्प्याटप्प्याने अंडी घालते आणि त्या काळात खातही राहते. म्हणून तिची वीण चालू कमाईवर चालते, तर हेरिंगची जुन्या साठ्यावर. तरीही तारलीची चरबी पावसाळ्यानंतर वाढते, ही आपल्याकडील कोळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट येथेही लागू पडते.

येत्या सप्टेंबरात मासा साफ करताना आतड्याभोवतीची पांढरी चरबी आणि तिच्याजवळील बारीक गाभोळी नीट पाहून ठेवा. फेब्रुवारीत पोट चिराल तेव्हा ती चरबी जवळजवळ नाहीशी झालेली आढळेल.