मधली भिंत एक, पलीकडं भाडेकरू: आवाजावर काय चालतं, काय वाया जातं?

बेळगावात अनगोळ, वडगावपासून पिरनवाडी, मच्छेपर्यंत गुंठ्या-दोन गुंठ्यांत जोडघरं उठलीत. अलीकडं घरमालक, पलीकडं कॉलेजची चार पोरं नाहीतर उद्यमबागेत रात्रपाळी करणारे. कुणाचं कुणाशी वाजलं ते इथं नको. भिंत, पंप, करार, पोलीस ठाणं, ज्याला जे नीट ठाऊक आहे ते वर आपलं टोपणनाव घालून मापासकट लिहा.

गिलावा
आवाज येतो कुठून ते आधी शोधा, मग पैसे काढा. दुपारच्याला पलीकडं टीव्ही लावायला सांगायचा आणि आपली खोली बंद करून स्विचबोर्ड, माळा, तुळईची खालची कड असं कान लावत फिरायचं. नव्या घरात बहुतेक वेळा दोनच जागा सापडतात. एक म्हणजे ब्लॉकचा शेवटचा थर आणि तुळई यांच्यातली सांध. तिथं कोंबलेला माल सुकून आकसतो आणि गिलाव्यामागं फट राहते. दुसरी, पाठीला पाठ लावलेले स्विचबॉक्स. ४ इंची भिंत दोन्हीकडून २-२ इंच खोदल्यावर मधे राहिलं काय?

बॉक्ससाठी एमसीबी पाडून बॉक्स बाहेर काढा, मागची पोकळी १:४ सिमेंट-वाळूच्या मालानं भरा आणि पाइपच्या तोंडात न सुकणारी पुट्टी दाबा. सांध असेल तर गिलाव्याचा पट्टा फोडून, पाणी मारून, न आकसणारा ग्राउट भरायचा. कडेला ॲक्रिलिक सीलंट. भिंतीचा शंभरावा हिस्सा जरी उघडा राहिला तरी बाकीची भिंत कितीही जाड असो, एकूण आवाज २० डेसिबलच अडतो. म्हणून फटी आधी.

वडगावकर
त्याच भिंतीवर आणिक एक इंच गिलावा मारला तर?

गिलावा
नको बघा. प्लास्टर केलेल्या ४ इंची विटेच्या भिंतीचं वजन त्यानं पाचव्या हिश्शानं वाढेल, फायदा दीड-दोन डेसिबल. कानाला कळणारही नाही.

स्टड-चॅनल
फटी बुजवूनही बोलणं ऐकू येत असेल तर आपल्या बाजूनं सुटी भिंत उभी करायची. सुटी हाच त्यातला मुद्दा. १० बाय १० फुटांच्या भिंतीला ५० मिमीचे जीआय स्टड (पत्र्याचे उभे खांब) २ फुटांवर एक, म्हणजे ६. वर-खाली चॅनल आणि चॅनलखाली फोमची टेप. जुन्या भिंतीपासून २५ मिमी अंतर. आत ५० मिमी रॉकवूल (दगडी लोकरीची गादी), घनता घनमीटरला ४८ किलो. वर १२.५ मिमी जिप्सम बोर्डाचे दोन थर. ६ बाय ४ चे ९ बोर्ड हिशेबात बसतात, तुटफूट धरून १० आणा. दुसऱ्या थराचे सांधे पहिल्यावर येऊ द्यायचे नाहीत. चारी कडांना ५ मिमी जागा सोडून सीलंट भरायचं. खोलीतले ४ इंच जातात.

काम बिघडतं ते एकाच ठिकाणी. स्टड जरा हलतो म्हणून कारागीर मधेच ब्रॅकेट मारून तो जुन्या भिंतीला आवळतो. मग दोन्ही भिंती एक झाल्या, खर्च पाण्यात. बोर्ड चढवण्याआधी प्रत्येक स्टडच्या मागं हात फिरवून बघा. आणि नव्या भिंतीत स्विचबॉक्स कापू नका. एवढं करूनही स्लॅब आणि फरशीतून काही आवाज येतच राहतो. १० डेसिबल कमी झाले तर कानाला आवाज निम्मा वाटतो, तेवढ्यावर समाधान.

अंड्यांचे ट्रे, फोमचे तुकडे यांनी आपल्याच खोलीतला घुमारा कमी होतो. पलीकडचा आवाज थांबत नाही.

हिंदवाडी
ठोके आणि घरघर ही वेगळी जात. ती जिथून निघते तिथंच मोडायची, भिंतीला हात लावून उपयोग नाही. कट्ट्याचा ग्रॅनाइट मधल्या भिंतीत खोवलेला असतो, त्यामुळं पलीकडचा मिक्सर आपल्या पलंगाशी वाजतो. मिक्सरखाली १०-१२ मिमी रबर. खुर्च्यांच्या पायांना बूच. पाणी अवेळी येणाऱ्या भागात मोटर मध्यरात्री सुरू होते. मोटरखाली रबरी पॅड, पाइपला फूटभर लवचिक होज आणि भिंतीवरच्या क्लॅम्पमध्ये रबराची पट्टी. हे सगळं स्वतः विकत आणून भाडेकरूंना द्या की! तुमच्या भिंतीपेक्षा स्वस्तच पडतं.

करारपत्र
बोलणी पलीकडच्या घराच्या मालकाशी. पण आधी पलीकडचे महिन्याच्या भाड्यानं आहेत की लीजवर (एकरकमी ठेव देऊन) ते विचारून घ्या. लीज असेल तर मालकानं एकरकमी पैसे घेऊन बहुधा कुठंतरी घातलेले असतात. ते परत केल्याशिवाय तो कुणाला घालवू शकत नाही, त्यामुळं "त्यांना काढा" म्हटलं की तो फोन उचलायचाच बंद करतो. त्यापेक्षा ११ महिन्यांचा करार नवा होताना अटी घालून घ्या: राहणाऱ्यांची संख्या, रात्री १० नंतर स्पीकर नाही, साउंड सिस्टीम मधल्या भिंतीला टेकवायची नाही. पोरांशी बोलायचं ते सकाळी, "अरे बाळांनो" म्हणून. पार्टी रंगलेली असताना दार ठोकलं की चौघांसमोर कुणीच नमतं घेत नाही.

खडेबाजार
२००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. मर्यादेपेक्षा १० डेसिबल जास्त असेल किंवा रात्रीचा नियम मोडला तर तक्रार करता येते. स्पीकर वाजत असतानाच ११२ ला फोन करा, थांबल्यावर कुणी येऊन काय ऐकणार? मोबाईलचं ॲप आदल्या दिवसाशी तुलना करायला ठीक, पुरावा म्हणून कच्चं. तारीख, वेळ, कसला आवाज याची वही ठेवा. लेखी अर्ज शक्यतो कन्नडमध्ये न्या आणि पोच घ्या. सणासुदीला वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस सरकार रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं, त्या रात्री जाऊ नका. पोरांचं धावणं, भांडीकुंडी यात पोलीस समजुतीपलीकडं फारसं काही करू शकत नाहीत.

सातबारा
भिंत मंजूर नकाशात ९ इंची आणि जागेवर ४ इंची, असंही निघतं. भोक न पाडता मोजायचं तर बाहेरून दोन्ही घरांची मिळून पूर्ण रुंदी घ्या, त्यातून आतल्या खोल्यांची मापं आणि खिडकीच्या चौकटीपाशी मोजलेली बाहेरच्या भिंतींची जाडी वजा करा. रेरा (स्थावर मालमत्ता नियमन) कायद्यात ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामातला दोष दाखवला तर बिल्डरनं ३० दिवसांत फुकट दुरुस्त करायचा असतो. मात्र ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरचा किंवा ८ घरांपर्यंतचा प्रकल्प रेराकडं नोंदवावा लागत नाही, आणि आपल्याकडची जोडघरं बहुतेक त्यातच बसतात. तिथं जिल्हा ग्राहक आयोग, मुदत २ वर्षं.

वडगावकर
आणि सबवूफर? धडधड छातीत येते.

स्टड-चॅनल
त्याला माझी भिंतही फारशी पुरत नाही. इतक्या खालच्या सुराला २५ अधिक ५०, अशी ७५ मिमीची पोकळीही तोकडी पडते. सबवूफरचा डबा मधल्या भिंतीपासून आणि कोपऱ्यातून हलवायचा, खाली जाड फोम नाहीतर रबर घालायचं आणि बेसचं बटण निम्म्यावर. सांगायला मालकालाच पाठवा.