फोटोवरून जमत असताना लँडस्केपसाठी बाहेर कशाला जायचं?

पेन्सिलवाली: मी वॉटरकलर करते, बहुतेक फोटो बघूनच. ओळखीतले सगळे ऑन द स्पॉट बस म्हणून मागे लागलेत. ऊन, वारा, मुंग्या, पाठीमागे उभे राहून बघणारे लोक आणि त्यात उजेड सारखा बदलणार, एवढा उपद्व्याप करून जास्तीचं मिळतं काय? मन शांत होतं वगैरे नको, चित्रात काय फरक पडतो ते सांगा.

रंगवेडा: सावल्या! फोटोत झाडाखालची सावली बघ, बऱ्याचदा काळी ठिक्कर असते. तिथे बसून बघितलंस तर निरभ्र दिवशी तीच निळसर दिसते, कारण ऊन पोचत नसलं तरी आकाशाचा उजेड पोचतोच, आणि बाजूला पिवळी भिंत असेल तर तिच्यावरून उडालेलं ऊनही त्यात मिसळतं, म्हणजे एकाच सावलीत एका कडेला गार रंग आणि दुसरीकडे उबदार. फोटोत हे आलंच नसेल तर रंगवणार कुठून?

पेन्सिलवाली: पण माझ्या फोनमध्ये एचडीआर आहे की, उजळ-काळोखे भाग जुळवून एकच फोटो करणारी सोय, सावल्यांतलं सगळं दिसतं.

रंगवेडा: दिसतं, पण तो सावली उजळवतो आणि आकाश दाबतो. ऊन नि सावलीतलं अंतरच मारून टाकलं तर मग ऊन कसलं दाखवणार.

ओला_कागद: उजेड बदलतो ही तक्रार नाही, तोच तर विषय आहे. फ्रेंच चित्रकार मोनेने १८९०-९१ च्या सुमारास गवताच्या गंजींची पंचवीसेक चित्रं केली, उजेड बदलला की दुसरा कॅनव्हास घ्यायचा. अर्थात हे सगळं रंगाच्या ट्यूबमुळे शक्य झालं, १८४१ मध्ये रँड नावाच्या अमेरिकन चित्रकाराने पत्र्याच्या ट्यूबचं पेटंट घेतलं आणि मगच लोक रंग घेऊन बाहेर पडले.

जुना_ब्रश: मगच कसं? इंग्लिश चित्रकार कॉन्स्टेबल १८२१-२२ मध्येच उघड्यावर बसून ढगांचे ऑइल स्केच करत होता, मागे तारीख, वेळ, वारा कुठला तेही लिहायचा. ट्यूबने सोय झाली, हौस आधीपासूनच होती.

बाकी ताई, कामाचं सांगतो. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, तेव्हा दोनेक तासांत आटपेल असा छोटा कागद घ्या, सावल्यांच्या कडा आधी मारून घ्या आणि नंतर त्या हलल्या तरी त्यांच्या मागे धावू नका, नाहीतर एका झाडाची सावली डावीकडे आणि दुसऱ्याची उजवीकडे असलं काहीतरी होऊन बसतं. कागदावर थेट ऊन नको, डोळे दिपतात, आपण रंग गडद लावत सुटतो आणि घरी आणलं की चित्र मळकट. छत्री पांढरी किंवा काळी, लाल-निळी घेतलीत तर तोच रंग कागदावर पडेल.

पेन्सिलवाली: हे पटलं. पण उन्हात वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ थर, पसरायच्या आतच वाळतो त्याचं काय?

जुना_ब्रश: पाणी जास्त, ब्रश मोठा, आणि सकाळी लवकर जा. मुंग्यांवर उपाय नाही.