मदत हवी आहे: मी घटस्फोटित प्रोटेस्टंट, ती वसईची कॅथलिक. चर्चमध्ये लग्न लागेल का?

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय. कोल्हापुरात हे विचारायची सोय नाही. इथं ख्रिस्ती समाज एवढासा, सकाळी एकाला विचारलं की संध्याकाळी अख्ख्या मंडळीला ठाऊक.

वय ४१, शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत पॅटर्न शॉप बघतो. घराणं जुन्या अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या काळापासून प्रोटेस्टंट. २००९ मध्ये आमच्या पाळकांनी आमच्याच चर्चमध्ये माझं लग्न लावलं. २०१५ पासून आम्ही वेगळे राहिलो, २०१९ ला संमतीने घटस्फोट झाला. भांडण नाही, पोटगीचा वाद नाही. मुलगी तेरा वर्षांची, आईकडे असते, शनिवार-रविवार माझ्याकडे.

आता दुसरं लग्न ठरतंय. ती वसईची, मिरजेला नर्स आहे, तिचं पहिलंच लग्न. आमचे पाळक म्हणाले, कोर्टाचा घटस्फोटाचा हुकूमनामा दाखव, एकदा चर्चच्या वडील मंडळींसमोर बसू, लावून देतो. मला वाटलं झालं काम. पण तसं केलं तर तिची कम्युनियन बंद होईल. तिला मिस्सा (कॅथलिकांची उपासना) आणि कम्युनियन (तिथं मिळणारी पवित्र भाकर) सोडायचं नाही, आणि मी सोडायला लावणारही नाही. म्हणून गणपतीच्या सुट्टीत तिच्या गावच्या फादरांना भेटलो. त्यांनी हुकूमनामा पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचला, चहा पाजला आणि म्हणाले, "सरकारच्या दृष्टीने हे ठीक आहे. आमच्या दृष्टीने तुम्ही अजून विवाहित आहात."

आता मला सांगा, ते लग्न त्यांच्या चर्चमध्ये लागलेलं नाही, त्यांच्या फादरांनी लावलेलं नाही, आम्ही दोघं कॅथलिकही नाही. ज्यांनी लावलं ते म्हणतात संपलं, ज्यांचा काही संबंध नाही ते म्हणतात टिकून आहे! म्हणजे माझं पहिलं लग्न आम्हा दोघांपेक्षा त्यांनाच जास्त पक्कं वाटतंय.

तोडगा त्यांनी सांगितला. आधीचं लग्न मुळातच वैध नव्हतं असं धर्मप्रांताच्या (म्हणजे एका बिशपच्या अखत्यारीतल्या भागाच्या) चर्च न्यायालयाने ठरवलं तर वाट मोकळी. त्यासाठी पहिल्या बायकोलाही कळवणार. तिला मी आधीच फोन केला. ती म्हणाली, "मला विचारलं तर खरं तेच सांगीन. पण लग्नच झालं नव्हतं असं लिहून आलं तर आपली पोरगी कुणाची म्हणायची?" यावर मला उत्तर देता आलं नाही. दोन दिवस झोप नाही.

मी कॅथलिक झालो तर हे सुटेल का? की सरळ रजिस्टर करावं? जाणकारांनी सांगावं.

किरकोळ प्रश्न: हुकूमनाम्याची नक्कल आईने प्रेमाने लॅमिनेट करून आणली आहे. आता तिच्यावर कोणी शिक्का मारून देईना. लॅमिनेशन निघतं का?

वसईचा वारा
माझ्या चुलत बहिणीची केस झाली आहे, म्हणून थोडंफार माहीत. मुलीचं आधी सांगतो. कॅनन लॉच्या, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्याच्या, ११३७ व्या कलमानुसार लग्न वैध असताना किंवा वैध समजलं जात असताना झालेलं मूल औरसच. लग्न पुढे शून्य ठरलं तरी त्याला धक्का लागत नाही. हे आजच फोन करून सांगा.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं की बाप्तिस्मा झालेल्या दोघांचं लग्न कॅथलिक चर्च संस्कार, म्हणजे हयातीत न तुटणारं बंधन, मानतं, मग ते कोणत्याही पंथाचे असोत. फादर आणि दोन साक्षीदारांसमोर लग्न करायची सक्ती फक्त कॅथलिकांना. गंमत बघा, तुमच्यातलं एक जरी कॅथलिक असतं आणि परवानगी न घेता पाळकांकडे लग्न केलं असतं, तर ते लग्न वैधच ठरलं नसतं आणि हे काम नुसत्या कागदपत्रांवर उरकलं असतं.

आता त्या चर्च न्यायालयात संसार का मोडला हे बघत नाहीत. शपथ घेतली त्या दिवशी काय होतं ते बघतात: जबरदस्ती, फसवणूक, मूलच नको असा आधीपासूनचा निश्चय, लग्न म्हणजे काय हे पेलायची मनाची तयारी नसणं. बहिणीला साखरपुड्याच्या आदल्या रात्री घरात कोण काय बोललं इथपर्यंत लिहून द्यावं लागलं होतं. पहिल्या बायकोची संमती लागत नाही, पण तिला कळवणं आणि म्हणणं मांडायची संधी देणं बंधनकारक. लग्न वैधच आहे अशी बाजू मांडणारा एक अधिकारीही असतो. पूर्वी दोन न्यायालयांचा निकाल जुळावा लागायचा, पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये ती अट काढली.

आणि केस वसईला चालणार नाही. पहिलं लग्न जिथं झालं किंवा तुम्ही नाहीतर पहिली बायको जिथं राहते तिथल्या धर्मप्रांताकडे जाते. अर्जदार कॅथलिक नसला तरी चालतो. कोल्हापुरातल्या फादरांना भेटा.

कोर्टकचेरी
कायद्याचं सांगतो. तुमचा हुकूमनामा १८६९ च्या घटस्फोट कायद्याखालचा. संमतीने घटस्फोट हे कलम त्यात २००१ च्या दुरुस्तीने आलं. त्याआधी जिल्हा न्यायालयाने घटस्फोट दिला तरी हायकोर्टाचं शिक्कामोर्तब लागायचं, आणि बाईला नुसता नवऱ्याचा व्यभिचार दाखवून भागत नसे, जोडीला क्रूरता किंवा सोडून जाणंही सिद्ध करावं लागे. आमच्या सिनियरांनी त्या काळात झिजलेल्या बायका पाहिल्या आहेत.

तुमची अपिलाची मुदत कधीच संपली, तेव्हा कायद्याने तुम्ही मोकळे. विशेष विवाह कायद्याखाली ३० दिवसांची नोटीस देऊन लग्न होईल. पण त्याने तिच्या कम्युनियनचा प्रश्न सुटत नाही.

उलट बाजूही ध्यानात ठेवा. चर्च न्यायालयाच्या निकालाने कायद्यातलं लग्न मोडत नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्ये सांगितलं आणि २०१७ मध्ये पुन्हा. वाचणाऱ्यांपैकी कोणी नुसत्या चर्चच्या कागदावर दुसरं लग्न करायला निघाला असेल तर तो द्विभार्येच्या गुन्ह्यात अडकेल.

मिरजेची मावशी
अरे बाळा, कॅथलिक होऊन काही सुटायचं नाही. आधीचं लग्न तुझ्यासोबत तिकडे येणारच. तेवढ्यासाठी मंडळी सोडू नकोस.

आपल्या लोकांना वाटतं आपल्यात सगळं चालतं. तसं नव्हतं. प्रेस्बिटेरियन लोकांचा जो सतराव्या शतकातला वेस्टमिन्स्टरचा विश्वासनामा आहे, त्यात घटस्फोटाला दोनच कारणं, व्यभिचार आणि जाणूनबुजून टाकून जाणं. पहिलं बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानावरून, दुसरं पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पत्रावरून. संमतीचं नावसुद्धा नाही. तुझे पाळक हुकूमनामा बघून हो म्हणाले, हा नव्या काळाचा मोठेपणा. ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये दुसरं लग्न लागतं, पण त्या विधीत पश्चात्तापाच्या प्रार्थना असतात, आणि तिसऱ्याच्या पुढे नाहीच. इंग्लंडच्या चर्चने तर घटस्फोटितांसाठी २००२ मध्ये कुठे दार किलकिलं केलं. तरी २००५ मध्ये चार्ल्स राजपुत्राचं लग्न आधी सरकारी पद्धतीनेच लागलं आणि चर्चमध्ये नुसती आशीर्वादाची प्रार्थना झाली.

एक विचारते. पहिलीचा बाप्तिस्मा लग्नाआधी झाला होता ना? बुडवून बाप्तिस्मा देणाऱ्या मंडळीतली असेल तर लहानपणी झालेला नसतो.

वसईचा वारा
मावशी, नेमकं विचारलंत. तिचा बाप्तिस्मा कधीच झाला नसेल तर वाट वेगळी, ते प्रकरण रोमला जातं. पण लग्नानंतर झाला आणि त्यानंतरही दोघं नवराबायको म्हणून एकत्र राहिले असतील, तर ती वाट बंद.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. मावशी, ती तशाच मंडळीतली, सांगलीकडची. पण बाप्तिस्मा लग्नाच्या दोन वर्षं आधी, शेतातल्या विहिरीत. फोटो आहे माझ्याकडे, ओल्या केसांनी हसतेय. म्हणजे ते दार बंदच.

मुलीचं सांगितलं तिला. थोडा वेळ बोलली नाही, मग म्हणाली, "लिहून पाठव मला, तो कलम नंबर." पाठवला. लग्नाच्या वेळी मी काय विचार करून उभा राहिलो होतो हे मात्र आता लिहून काढायला बसावं लागणार. बाबा आजारी होते आणि त्यांना सून बघायची होती, एवढंच आठवतंय. हे कारण होतं का ते फादरच सांगतील. वसईसाठी काढलेलं शुक्रवारचं महालक्ष्मी एक्सप्रेसचं तिकीट रद्द करतो.

लॅमिनेशनचं कोणीच सांगितलं नाही.

कोर्टकचेरी
निघत नाही, शाई सोबत येते. कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज करून नवीन नक्कल काढा. दोन घ्या, एक आईला द्या.