आबिजानला जातोय, मुलांना फ्रेंच शाळेत घालावं का? सल्ला हवाय

विश्रामबागची_आई

नमस्कार मंडळी. आम्ही सांगलीचे. हे साखर कारखान्यात केमिस्ट आहेत, ह्यांना आयव्हरी कोस्टला तीन वर्षांचं काँट्रॅक्ट मिळालंय. कारखाना पार उत्तरेला आहे, तिथं शाळेची सोय नाही, त्यामुळं मी आणि मुलं आबिजानला राहणार आणि हे सुट्टीला येऊन-जाऊन करणार असं ठरतंय. मुलगी नोव्हेंबर २०१६ ची, चौथीत आहे, सेमी इंग्लिश. मुलगा मार्च २०२० चा, सीनियर केजीत. सप्टेंबर २०२६ ला शाळा सुरू करायचीय.

तिथं अमेरिकन पद्धतीची शाळा आहे पण ती आमच्या आवाक्याबाहेर आहे, आणि ब्लेझ पास्काल म्हणून फ्रेंच लिसे (मोठी शाळा) आहे, ह्यांच्या ओळखीतल्या दोघांनी तेच सांगितलं. घरात फ्रेंच कुणालाच येत नाही. मुलाची मला तेवढी काळजी नाही, मुलीची आहे. ती वर्गात पहिला-दुसरा नंबर काढणारी, बोलकी पोरगी आहे, एकदम मुकी होऊन बसली तर? आणि तीन वर्षांनी परत आलो तर इथं सातवी-आठवीत कशी बसणार? सासूबाई म्हणतात दोघांना इथंच ठेवा माझ्यापाशी. कुणी स्वतः केलंय का हे?

कराडची_लेक

ताई, आम्ही सहा वर्षं सेनेगलमध्ये डाकारला होतो, आता फ्रान्समध्ये तुलूजला आहोत, दोन्ही पोरं फ्रेंच शाळेतच शिकली म्हणून सविस्तर लिहिते. मुलांना मागं ठेवू नका एवढं आधी सांगते.

आधी वर्ग बघा. फ्रेंच शाळेत जानेवारी ते डिसेंबर एकाच सालात जन्मलेली सगळी मुलं एका वर्गात. तुमचा मुलगा २०२० चा म्हणजे सप्टेंबर २०२६ ला बरोबर सेपेत जाईल, म्हणजे आपली पहिली. फ्रेंच वाचायला खऱ्या अर्थानं तिथंच शिकवतात, त्यामुळं तो सगळ्यांबरोबर अ-आ-इ पासून सुरू करेल, बोलायला कमी पडेल पण दिवाळी-नाताळपर्यंत बडबडायला लागेल. त्याची काळजी सोडा.

मुलगी २०१६ ची म्हणजे सेएमदू, प्राथमिकचं शेवटचं वर्ष. तिथून पुढच्याच वर्षी सिझिएम, म्हणजे कॉलेजची पहिली पायरी (त्यांच्याकडं कॉलेज म्हणजे आपली सहावी ते नववी, हसू नका, मलाही वर्षभर लागलं सवयीला). वर्ग उलटे मोजतात, सहावा, पाचवा, चौथा, तिसरा, आणि तिसऱ्याच्या शेवटी ब्रव्हे नावाची परीक्षा. सिझिएमला दर विषयाला वेगळे सर, वेगळं वेळापत्रक, इतिहास-भूगोल सगळं फ्रेंचमधून. शून्य फ्रेंचवर एका वर्षात तिथवर पोचणं अवघड आहे, अशक्य नाही. म्हणून शाळेला सरळ विचारा की एक वर्ग खाली, सेएमअँमध्ये घेता का. आपल्याकडं वर्ष वाया गेलं म्हणतात, पण तिला भाषेला दोन वर्षं मिळतील आणि ती नंतर पळेल.

दुसरं, शाळेला फ्रान्सच्या शिक्षण मंत्रालयाची मान्यता आहे का आणि कुठल्या वर्गांपर्यंत आहे ते बघा. ओमोलोगासियों म्हणतात त्याला. ती टप्प्याटप्प्यानं मिळते, एखाद्या शाळेला फक्त प्राथमिकची असते आणि वरच्या वर्गांची नसते. एईएफई ही फ्रान्सची सरकारी संस्था १९९० पासून बाहेरच्या शाळांचं जाळं बघते, शंभराच्या वर देशांत शाळा आहेत, त्यांच्या साइटवर शाळेचं नाव टाकून तपासता येतं. ह्याचा फायदा आम्हाला झाला, डाकारहून तुलूजला आलो तर पोरं प्रवेशपरीक्षेशिवाय पुढच्या वर्गात बसली, तोच अभ्यासक्रम. उद्या ह्यांची बदली मादागास्करला किंवा काँगोला झाली तरी तेच. आपल्याकडं मुंबई, दिल्ली, पुद्दुचेरीला अशा शाळा आहेत, पुद्दुचेरीची तर १८२६ सालची. सांगलीला मात्र काही नाही, हा हिशेब मनात धरा.

मिरजेचा_बाबा

मी जरा कडू बोलतो, राग मानू नका वहिनी. आम्ही वेगळ्या देशात होतो, शाळेचं नाव घेत नाही. प्रवेशाच्या वेळी भाषेसाठी खास मदत आहे म्हणाले, आम्ही खूश झालो, नंतर कळलं की आठवड्यातनं दोनदा पाऊण तास, तेही शाळा सुटल्यावर दमलेल्या पोरांना. माझा मुलगा साडेनऊ वर्षांचा होता. फेब्रुवारीपर्यंत वर्गात एक शब्द बोलला नाही. डब्यातला भडंग एका पोराला दिला तो पहिला मित्र, त्याच्यापासून पुढं सुधारला. पण ते पाच-सहा महिने घरात रोज संध्याकाळी जे रडं असायचं ते मी विसरलेलो नाही, आणि मी नीट चौकशी केली नाही ही बोच अजून आहे.

तर विचारताना "मदत आहे का" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. आठवड्याला किती तास, शाळेच्या वेळेत का बाहेर, एका गटात किती मुलं, किती महिने, वेगळी फी आहे का, हे लेखी मागवा. एफएलई म्हणतात त्याला, परकी भाषा म्हणून फ्रेंच. आणि फीचं पण, पहिल्यांदा नाव घालताना वेगळी रक्कम असते, ती परत मिळत नाही, नंतर तिमाही बिल, कँटीन आणि बस वेगळी. कंपनी ह्यातलं नेमकं काय देणार ते काँट्रॅक्टमध्येच लिहून घ्या, तोंडी नको.

वाईकर_सध्या_पुण्यात

पुढचं कुणी बोललं नाही म्हणून सांगतो. तुमची तीन वर्षं म्हणजे मुलगी बारा-तेराची असताना परत येणार, तेव्हा आणलंत तर निभतं. दहावीच्या तोंडावर आणू नका. आणि जर मुक्काम वाढला आणि ती लिसेच्या वरच्या वर्गांत (आपली दहावी ते बारावी) गेली तर मग बाक, म्हणजे त्यांची बारावीची परीक्षा, पूर्ण करूनच हलवा. शेवटच्या दोन वर्षांत तीन मुख्य विषय घेतात आणि त्यातला एक शेवटच्या वर्षाला सोडतात. भौतिक आणि रसायन एकच विषय असतो, जीवशास्त्र भूशास्त्राबरोबर (त्याला एसव्हीटी म्हणतात). भारतात इंजिनिअरिंगला यायचा विचार असेल तर गणित आणि फिजिक-शिमी (भौतिक-रसायन) शेवटपर्यंत ठेवायचे, मेडिकलला यायचं तर फिजिक-शिमी आणि एसव्हीटी. एआययूचं (भारतीय विद्यापीठांचा संघ) समकक्षता प्रमाणपत्र लागतं, त्याला वेळ ठेवा. माझ्या भाचीला हे सगळं बाक झाल्यावर कळलं, धावपळ झाली.

मार्क वीसपैकी असतात. चौदा म्हणजे चांगले, सोळा म्हणजे फारच चांगले. पहिल्या प्रगतिपुस्तकात अकरा बघून पोरीला रागवू नका, ताई. आणि बाहेरच्या देशांतल्या ज्या मुलांचं बाक एईएफईच्या शाळेतून होतं, त्यातल्या हुशार मुलांना फ्रान्समध्ये पुढं शिकायला एक्सेलन्स-मेजर नावाची स्कॉलरशिप आहे, ती खास फ्रेंच नागरिक नसलेल्यांसाठी. लक्षात ठेवा.

कृष्णाकाठ_फ्रेंच_शिकवणी

मी सांगलीतच फ्रेंच शिकवते. चार-पाच महिने हातात आहेत, ते सोडू नका, रोज अर्धा तास पुरतो. व्याकरणाच्या मागं लागू नका, "मला समजलं नाही", "परत सांगा", "बाथरूमला जाऊ का", "माझ्याबरोबर खेळशील का" ही वाक्यं तोंडात बसू देत.

आकडे आधी करा, कारण गणितात हुशार पोरगी आकडा न कळल्यानं अडते. सत्तरला साठ-दहा म्हणतात, ऐंशीला चार-वीस, नव्वदला चार-वीस-दहा. शहरी पोरं गोंधळतात, पण तुमच्या सासूबाईंना विचारा, माझी आजी शेण्या विसानंच मोजायची, तीन विसा न दहा, चार विसा. तेच आहे हे! मी वर्गात असंच शिकवते आणि पटकन बसतं. दशांशाला टिंब नाही, स्वल्पविराम. एकाला वर तिरकी शेंडी आणि साताला मध्ये आडवी रेघ, नाहीतर बाईंना आपला एक आणि सात कळत नाही. भागाकार मांडतात तो पण वेगळा, भाजक उजवीकडं आणि उत्तर त्याच्या खाली. एकदा दाखवलं की झालं, पण शाळेत पहिल्यांदा बघितलं तर पोरगी घाबरेल.

आणि अक्षर. सगळं जोडून, गोलाकार लिहायचं, सेयेस नावाच्या वहीत. आपल्या चाररेघीपेक्षा दाट, जाड रेघांच्या मध्ये तीन बारीक रेघा, वर उभ्या रेघा. कितवी रेघ गाठायची ते प्रत्येक अक्षराचं ठरलेलं. तिचं अक्षर चांगलं असेल तर बाई पहिल्या आठवड्यातच कौतुक करतील, आणि भाषा येत नसताना तेवढं एक कौतुक फार मोठं असतं.

विश्रामबागची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. मिरजेच्या दादांचं वाचून ह्यांना फोन केला आणि रात्रीच शाळेला मेल टाकला, तासांचं, गटाचं, आणि एक वर्ग खाली घ्यायचं. उत्तर आलंय. सेएमअँमध्ये घ्यायला तयार आहेत, पण आधी व्हिडिओवर गणिताची छोटी चाचणी घेणार. एफएलईचे तास लेखी कळवतो म्हणालेत, ते आल्याशिवाय पैसे भरणार नाही असं ठरवलंय.

मराठीचं काय करता तुम्ही सगळे? आणि ती सेयेसची वही इथं कुठं मिळेल का, सांगलीत दोन दुकानं फिरले, कुणाला माहीतच नाही.

कराडची_लेक

बालभारतीची पुस्तकं पीडीएफ फुकट मिळतात, पण छापील घेऊन जा, पोरं छापील उघडतात. आम्ही बुधवारी दुपारी मराठी ठेवलं होतं, बुधवारी शाळा अर्धाच दिवस असायची. आजीला पत्र लिहायचं, फोटो काढून पाठवायचं, आजी चुका काढून परत पाठवायची. माझ्या धाकट्याचं मराठी त्यावरच टिकलं.

वह्या शोधू नका. गेल्या मेमध्ये आले तेव्हा तीन कोऱ्या कराडला आईकडं ठेवून आलेय. शनिवारी कुणी कराडला येणार असेल तर मेसेज करा, आईला सांगून ठेवते.