मदत हवी आहे: परस्पर उधारीच्या वहीत गुण चौघांकडेच तुंबलेत

आमच्या वहीत सभासद पैशांऐवजी गुणांवर एकमेकांची कामं करतात: काम करणाऱ्याला जितके गुण जमा, तितकेच करवून घेणाऱ्याच्या नावावर उणे. ४० सभासद, सुरुवात शून्यापासून, एक तास म्हणजे १० गुण, मर्यादा उणे २०० ते अधिक २००. सगळ्या शिलकींची बेरीज शून्यच येते, म्हणजे नोंदी चोख आहेत. गाडं अडतंय ते वेगळ्याच जागी. नळदुरुस्ती आणि शिवणकाम करणारे चौघे अधिक २०० ला टेकलेत, नवं काम घेत नाहीत. त्यांना हवं ते वहीत कुणी देतच नाही. वरची मर्यादा वाढवली तर साठा तेवढा फुगेल, बाकी काही नाही.

ऑस्ट्रियातल्या व्यर्गल गावाच्या १९३२ च्या नोटांसारखी, म्हणजे साठवून ठेवलेल्याची किंमत दर महिन्याला १ टक्का कमी होईल अशी घट लावायची तर सरसकट, की फक्त १०० च्या वरच्या शिलकीवर? कापलेले गुण सामाईक खात्यातून उणे बाजूच्यांना काम देऊन फिरतात का? आणि उण्यात असताना सोडून गेलेल्याची बाकी कुठे मांडता?